आप्पांच्या हातात रेडिओ

रेडिओवर चालणारं विमान नवशिक्याला शिकवायचं असेल तर दोन ट्रान्समीटर एका वायरने जोडतात. एक शिकणाऱ्याकडे, एक शिकवणाऱ्याकडे. शिकवणाऱ्याच्या ट्रान्समीटरवर वरच्या कोपऱ्यात स्प्रिंगचं एक बटण असतं. ते बोटाने ओढून धरलं की विमान शिकणाऱ्याचं, सोडलं की त्याच क्षणी परत शिकवणाऱ्याचं. याला बडी बॉक्स म्हणतात. एरवी शिकणारं पोर असतं शाळकरी, आणि बटणावर बोट असतं बापाचं नाहीतर एखाद्या जाणत्या काकाचं. गेल्या हिवाळ्यात बेळगावजवळ बिजगर्णीकडच्या माळावर आमच्या घरचा प्रकार उलटा होता. बटण माझ्या बोटाखाली, आणि शिकाऊ ट्रान्समीटर माझ्या वडिलांच्या गळ्यात.

आप्पांचं वय शहात्तर. विमानं त्यांनी तरुणपणापासून बनवली आणि उडवली, पण रेडिओ कधी हातात घेतला नव्हता. त्यात गेली काही वर्षं त्यांचे हात कापतात. हात कापणाऱ्या माणसाला विमान उडवता येतं का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. येतं. कसं येतं ते नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे. आमच्यासारखी आणखीही घरं असतील, जिथं एखाद्या म्हाताऱ्या माणसाने हाताच्या कापामुळे आवडीचं काम गुंडाळून माळ्यावर टाकलं असेल.

आप्पा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. त्या वाळूत आकार उठवणारा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. ओतलेलं बीड गार होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच तेवढी वाढवून आखलेली असते. आमच्या घरात दोन्ही पट्ट्या असायच्या, आणि शाळेच्या दप्तरात आकसाची पट्टी जाऊ नये म्हणून आप्पांनी तिच्या टोकाला लाल रंग दिला होता. सबंध उद्यमबागेत त्यांच्या हाताला नाव होतं. गोलाईला कानस मारायची असो की आतल्या कोपऱ्यात चामड्याची पट्टी बसवायची असो, लोक काम घेऊन त्यांच्याकडेच यायचे.

विमानांचा नाद लागला सांबऱ्याकडे. तिथं हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे. रस्त्यालगतच्या एका मोकळ्या जागेत तिथला एक प्रशिक्षक रविवारी दोन तारांना बांधलेलं विमान गरगर फिरवायचा. आप्पांनी ते पाहिलं आणि पुढं दर रविवारी वडगावातून सायकल मारत तिकडं जायला लागले. आधी नुसतं बघत उभं राहिले, मग विमान धरून ठेवायचं काम मिळालं, मग मोडलेला पंख दुरुस्त करून द्यायचं. त्या भल्या माणसाची बदली झाली तेव्हा त्याने आप्पांना बाल्साच्या फळ्यांचा एक गठ्ठा आणि कोलकात्यात बनणारं ऑरोरा कंपनीचं अडीच सीसीचं डिझेल इंजिन देऊन टाकलं. बाल्सा मूळचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, मुख्यत्वे इक्वेडोरमधून जगभर जातं. सागवान हाताळलेल्या माणसाने ते पहिल्यांदा उचललं की हातात काही आलंच नाही असं वाटतं. आप्पा अजूनही बाल्साची फळी आधी गालाला लावतात, मग उजेडात धरून रेषा बघतात.

माझ्यासाठी त्यांनी केलेलं पहिलं खेळणं मात्र बांबूचं होतं. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, आणि पिळ दिलेलं रबर. पिळ सुटला की ते छतापर्यंत चढायचं. राईट बंधूंच्या वडिलांनी १८७८ साली असंच एक उडतं खेळणं आपल्या पोरांना आणून दिलं होतं. तेव्हा विल्बर अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. ते खेळणं आल्फॉन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाच्या रचनेवरून केलेलं होतं. याच पेनोने १८७१ साली पॅरिसच्या बागेत रबरावरचं छोटं विमान ११ सेकंद, ४० मीटर उडवून दाखवलं होतं. ही हकीकत मी आप्पांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की पेनो आमच्या भावकीतलाच कुणीतरी वाटतो. आप्पा सांगायचे, त्या बापाने पोरांना नुसतं दिलं, कसं उडतं ते सांगितलं नाही. पोरांनी मोडून बघितलं. आमच्याकडेही मोडायला मुभा होती. रबर सुकून तुटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळायचं, हे काम माझं.

तारेवरच्या विमानाकडे मी दहाव्या वर्षी आले. साल १९८८. अनगोळच्या शिवारात तेव्हा घरं कमी आणि भातशेती जास्त होती. कापणी झाली की एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात जायचं. इंजिनाचं इंधन घरीच व्हायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिन्ही साधारण सारख्या भागात. आई हा उद्योग घरात करू द्यायची नाही, म्हणून मागच्या परसात. तो वास ज्याने घेतला त्याला तो जन्मभर ओळखू येतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. उडवणारा वर्तुळाच्या मध्यावर उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ, मुठीपासून पंधरा-एक मीटर लांबीच्या दोन बारीक स्टीलच्या तारा निघून विमानाच्या डाव्या पंखात शिरतात. आत एक त्रिकोणी पट्टी असते, ती तारांच्या ओढीने हलते आणि शेपटाची फळी वरखाली करते. मनगट मागे झुकवलं की विमान वर, पुढे झुकवलं की खाली. वळणं तारच घेते. विमान गोल फिरतं आणि त्याच्याबरोबर माणूसही. नवख्याला चक्कर येते. आप्पांचा उपाय असा की नजर विमानावरून हलवायची नाही, मागचं झाड-घर काही बघायचं नाही. तारा ताणलेल्या राहिल्या पाहिजेत, सैल पडल्या तर विमानाला काहीच सांगता येत नाही. म्हणून उजवा पंख जरा जड, सुकाणू बाहेरच्या बाजूला किंचित वळवलेलं, आणि कोलांट्या घ्यायच्या त्या वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, म्हणजे वाराच विमानाला बाहेर ओढून धरतो.

आप्पा माझ्या मागे उभे राहायचे. मूठ माझ्या हातात, माझ्या हातावर त्यांचा हात. तेलाने आणि लाकडाच्या भुशाने खरखरीत झालेला. उड्डाणाआधी चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडायचे आणि विचारायचे, "वारा कुठनं येऊलाय, सांग." मी सांगितल्याशिवाय इंजिनाला हात नाही. मग दोघं मिळून फिरायचो. त्यांच्या मनगटाची हालचाल माझ्या मनगटात यायची. किती थोडी हालचाल लागते, हे कुणी शब्दांत सांगून कळलं नसतं. एका सकाळी विमान निम्म्या उंचीवर स्थिर फिरत असताना ते म्हणाले, "आता मी सोडलो बघ," आणि खरंच हात काढून तिथंच माझ्या पायापाशी खाली बसले. वर्तुळातून बाहेर जायला वाट नसते ना, तारा डोक्यावरून फिरत असतात. इंधन संपेपर्यंत ते मातीत बसून होते आणि मी त्यांच्याभोवती फिरत होते. इंजिन थांबल्यावर विमान तरंगत उतरलं तेव्हा "मनगट मोकळं ठेव की गं" एवढंच बोलले.

पुढची वर्षं भरभर सांगते. डिप्लोमा, पुण्यात नोकरी, लग्न, मुलगी. पुण्यात मी रेडिओवरची विमानं शिकले. त्यासाठी आता बॅटरी आणि मोटर मिळत होती, ईथर शोधायला नको होतं. बेळगावला परत आले ती हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमधल्या एका कारखान्यात नोकरी धरून. खऱ्या विमानांना लागणारे सुटे भाग मोजून पास करण्याचं माझं काम. मायक्रॉनमध्ये. आप्पांना हे फार आवडतं. घरी आलं की आधी विचारतात, आज काय मोजलीस.

त्यांचे हात कापायला लागले ते निवृत्तीनंतर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे. यात हात मांडीवर स्वस्थ असतो तेव्हा कापत नाही. काही धरायला, करायला गेलं की कापतो. पॅटर्नमेकरला यापेक्षा वाईट दुखणं नसावं. गोळ्यांनी थोडं कमी झालं. पण इंजिनाची सुई पाव फेरा फिरवायची, तारेचा फासा आवळायचा, सर्जिकल ब्लेडने दोन मिलिमीटरची फळी कापायची, हे सगळं त्यांनी हळूहळू बंद केलं. कुणाला काही बोलले नाहीत. एक दिवस मी कपाट उघडलं तर इंजिन एरंडेलात भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेलं. पुढं वापरायचं नाही असं ठरवून ठेवलेली वस्तू लगेच ओळखू येते.

मी त्यांना माझी रेडिओची विमानं दाखवायला न्यायची तेव्हा ते खुर्ची टाकून बसायचे. तारीफ करायचे. पण उडवा म्हटलं की नाही म्हणायचे. कारण हाताचं नव्हे, दुसरंच द्यायचे: "तारेत विमान हाताला लागतं. ह्यात काय लागतंय? नुसतं बघायचं." हे खरंच आहे. तारेवरच्या विमानाची ओढ तळहातात येते. रेडिओत डोळ्याशिवाय दुसरं काही नाही. पण त्यामागे हाताची भीतीही होती.

गेल्या दिवाळीत मी सरळ त्यांच्यापुढे आराखडा ठेवला. शिकण्यासाठीचं विमान, पंख वरच्या बाजूला, पंखाची लांबी १.४ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर, खालून सपाट. पंख तुम्ही करायचा म्हटलं. त्यांनी हात दाखवला. मी म्हटलं, टेकून करता येईल असं काम वाटून घेऊ.

यातून जे सुचलं ते त्यांचंच. कानस धरली की हात कामावर टेकलेला असतो, आणि टेकलेला हात खूप कमी कापतो. पंखाच्या फासळ्या सगळ्या एका मापाच्या होत्या. मी बाल्साचे चौकोनी तुकडे कापून दिले. आप्पांनी दोन प्लायवुडचे साचे करून त्यांच्यामध्ये ते तुकडे बोल्टने आवळले आणि सगळा गठ्ठा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून एकदम कानशीने घासला. सुट्ट्या सुट्ट्या कापल्या असत्या तर प्रत्येकीत हात कापल्याची खूण राहिली असती. गठ्ठ्यात एकही राहिली नाही. मी डिजिटल कॅलिपर लावून पाहिलं आणि आकडे त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली, पण पुढं दोन दिवस येईल त्या पाहुण्याला फासळ्या दाखवल्या.

फासळ्यांत आडवी दांडी घालणं, टोकं चिकटवणं माझ्याकडे. सांध्यांवर मागाच्या सुताचा वेढा देऊन गोंद पाजणं परत त्यांच्याकडे. वडगावात मागाचं सूत काय, शेजारीच मिळतं. पूर्वी आम्ही पंखाला पतंगाचा कागद लावून त्यावर पाण्याचा फवारा मारायचो, वाळला की ताणून बसायचा, मग लॅकरचा हात. आता इस्त्रीने चिकटणारी प्लॅस्टिकची फिल्म आहे. आप्पांना ती मनापासून पसंत नाही. मलाही नाही, कागदाला जो आवाज असतो तो तिला नाही. पण गवतात पडून फाटत नाही हे मान्य करावं लागतं.

बाकीचं सामान सगळीकडे मिळणारं: १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंखाच्या आणि शेपटाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी. सगळं मिळून वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास भरलं. लिपोबद्दल आप्पांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नाही, आणि ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर आणून ठेवायची. चार्ज होत असताना जवळ बसायचं. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि वेळा वहीत लिहायला लागले.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर यायला हवा होता. सगळे लोक दोन बोटांवर विमान तोलून बघतात. आप्पांची बोटं कापतात, म्हणून त्यांनी दोन गोल डोक्याच्या खुंट्यांचं लाकडी स्टँड केलं. आता मीही बोटांवर तोलत नाही. स्टँड जास्त खरं सांगतं. नाक जरा जड असलेलं चालतं, शेपूट जड झालं तर विमान सावरत नाही. त्यावर त्यांच्याशी वाद नव्हता, तारेवरही नियम तोच.

खरं काम पुढे होतं.

आधी लॅपटॉपवर सिम्युलेटर. खरा ट्रान्समीटर लॅपटॉपला जोडायचा आणि पडद्यावरचं विमान उडवायचं. तिथं दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटतं. ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे ढकलली तर विमान आपल्या डावीकडे जातं. तारेवर हा प्रश्नच नसतो, विमानाची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. यावर शिकवणारे एक साधी युक्ती सांगतात: विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली पडलेला दिसतो त्याच बाजूला काठी न्यायची, जणू त्याला टेकू देतो आहोत. ही युक्ती त्यांना चटकन पटली. दुसरी गोष्ट म्हणजे विमान वर घ्यायचं असेल तेव्हा ते काठी ओढायच्या आधी सबंध ट्रान्समीटरच मागे झुकवायचे. पन्नास वर्षांचं मनगट! ते मोडून काढायचं नाही असं मी ठरवलं. झुकवा, आणि बरोबर अंगठाही ओढा. त्यामुळे खरं तर त्यांचा वरखालीचा अंदाज पहिल्यापासून अचूक होता.

आता हाताचं. तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही कुणालाही करता येतील.

ट्रान्समीटर नुसता हातात धरायचा नाही. गळ्यात पट्टा आणि पोटाशी लाकडी ट्रे, त्यात ट्रान्समीटर बसवलेला, दोन्ही बाजूंना तळहात टेकायला जागा. ट्रे अर्थातच आप्पांनी केला. तळहात टेकले की काप निम्म्यावर येतो. काठी नुसत्या अंगठ्याने न हलवता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. आणि ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो नावाची सोय असते ती ४० टक्क्यांवर ठेवायची. एक्स्पो दिला की काठी मध्याच्या आसपास कितीही चुळबुळली तरी पंखाची फळी थोडीच हलते. काठी पूर्ण नेली तर मात्र पूर्ण हलते. कापणाऱ्या हाताची सगळी गडबड मध्याच्या आसपासच असते.

त्यानंतरही थोडी थरथर सर्व्होपर्यंत पोचते. जमिनीवर विमान ठेवून त्यांनी काठी धरली की सर्व्होची बारीक किरकिर ऐकू यायची आणि त्यांचा चेहरा पडायचा. मी त्यांना सांगितलं, हात सेकंदाला पाच-सहा वेळा कापतो. नऊशे ग्रॅमचं विमान इतक्या लवकर दिशा बदलूच शकत नाही. एक कंप त्याला डावीकडे न्यायला निघतो तोवर दुसऱ्याने तो पुसलेला असतो. विमानाला फक्त तुमच्या मनातली सावकाश हालचाल कळते. त्यांना ते खरं वाटलं नाही. वर गेल्यावर वाटलं.

जागा निवडायची तर सांबऱ्याचा विमानतळ लक्षात घ्यावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांपासून विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर जाता येत नाही. सरकारी नकाशात हे रंगवून दाखवलेलं आहे, तो बघूनच बाहेर पडावं. शिवाय कॅम्पात लष्कर. म्हणून आम्ही पश्चिमेला राकसकोपच्या वाटेवर, बिजगर्णीकडे जायचो. भात निघालेलं, काही वावरांत मसूर आणि वाटाणा उगवून आलेला, त्यात पाय पडू नये म्हणून गुरं चरतात त्या माळावर. जवळच्या शेतमालकाला आधी विचारलं. त्याने परवानगी दिली आणि आपला नातू बघायला पाठवला. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊपर्यंत वारा पडलेला असतो. उन्हं तापली, घारी गोल फिरायला लागल्या की समजायचं हवा वर उचलायला लागली. शिकाऊ माणसाने तेव्हा सामान आवरावं.

विमानाला चाकं ठेवली नव्हती. भाचा हातातून सोडायचा, मी वर नेऊन सरळ करायची आणि तीन-चार झाडांची उंची आली की म्हणायची, "आप्पा, घ्या." आणि बटण ओढून धरायची.

पहिल्या वेळी काही सेकंदच. विमान डावीकडे कलत गेलं, मी बटण सोडलं, सरळ केलं, परत ओढलं. असं करत करत. बटण सोडताना माझं बोट घाई करत नाही ना, याकडे माझं लक्ष विमानापेक्षा जास्त होतं. विमान कललं की लगेच काढून घेतलं तर माणूस शिकत नाही; उशीर केला तर विमान जातं. दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक शिकणाऱ्याची वेगळी असते. आप्पांची मोठी होती, कारण विमान काय करणार आहे हे त्यांना माझ्याआधी दिसायचं, हात फक्त मागून यायचा. मी थांबले की बहुतेक वेळा ते स्वतःच सावरायचे. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारनंतर त्यांनी सबंध वर्तुळ पुरं केलं, मग आठाचा आकडा. आठात एकदा तोंड आपल्याकडे येतं, एकदा पाठ, म्हणून तो अवघड. ते पुटपुटायचे, "टेकू, टेकू."

एका सकाळी विमान पडलंही. वळण घेताना वेग फार कमी झाला, आतला पंख बसला आणि विमान गिरकी घेत खाली आलं. मी बटण सोडलं होतं, पण सावरायला उंची उरली नव्हती. भाचा धावला. पंख रबरांनी बांधलेला असतो तो याचसाठी. धक्क्याने सुटून बाजूला पडला, मोडला नाही. नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) तुटला, नाकाची प्लाय फाटली. मला वाटलं आता हे रेडिओ खाली ठेवणार. आप्पा तुकडे बघत उकिडवे बसले आणि त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, "नाकाला आतनं एक आडवी फळी पायजे." त्या संध्याकाळी त्यांनी नाक पुन्हा केलं. कितीतरी वर्षांनी आमच्या घरात रात्री कानशीचा आवाज येत होता, आणि आई काही बोलली नाही, चहा करून देत राहिली.

फेब्रुवारीच्या अखेरीला त्यांनी उतरवायचं मागून घेतलं. उतरवणं म्हणजे मोटर कमी करत, नाक न उचलता, वाऱ्याच्या तोंडावर सरळ येत राहणं. जमिनीच्या जवळ बटणाचा उपयोग नसतो. कंबरेएवढ्या उंचीवर विमान काढून घेतलं तरी मला वेळ मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी वाळलेलं गवत सोडून वारा बघितला. लांबून वळून आणलं. काप दिसत होता, ट्रेवर करंगळी टकटक वाजत होती, आणि विमान मात्र ओळीने येत होतं, इतकं सरळ की भाचा ओरडला, "आज्जा, अस्संच ठेवा!" गवतावर घसरत ते वीसेक पावलांवर थांबलं. मी बटण अजून ओढूनच धरलं होतं. आप्पांनी ते बघितलं आणि म्हणाले, "सोड की आता, उतरलंय."

मला त्या वेळी जो आनंद झाला तो माझ्या स्वतःच्या कुठल्याही उड्डाणाचा झाला नव्हता. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अनगोळला मला पण झालावता." त्या सकाळी वावरात बसलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते मला असं कळलं.

मार्चपासून ते वायर न जोडता उडवतात. मी शेजारी असते, मुलगी आणि भाचा असतात. भाच्याला आता शिकायचं आहे, आणि बटण कुणाच्या बोटाखाली असावं यावर घरात चर्चा आहे. माझं मत आप्पांच्या. त्यांचं बोट बटणावर कापेल, मध्येच सुटेल, अशी शंका दादाने काढली. तर आप्पांनी बटणाला लाकडाची लांब पट्टी बसवली, तळहाताने दाबायची. टेकलेला तळहात कापत नाही. आम्ही घरी लॅपटॉपवर ती करून पाहिली, चालते.

सध्या पाऊस आहे. ग्लायडर घेतलं आहे, दोन मीटरचं, मोटर नसलेलं, दोरीने ओढून वर न्यायचं. फासळ्या या वेळी टोकाकडे लहान होत जातात, म्हणून गठ्ठ्याचे दोन साचे वेगवेगळ्या मापाचे करून घासावे लागले. पंखाची टोकं किती उचलायची यावर आमचं एकमत नाही. आप्पांना जास्त हवीत, म्हणजे ते आपोआप सरळ राहील. मला थोडी कमी, म्हणजे वळायला हलकं. आवरणाला मात्र कागदच वापरायचा असं दोघांनी ठरवलं आहे. ओल्या हवेत लॅकर लावला तर पांढरं फुटतं, त्यामुळे कागद चढवायचा तो दसऱ्यानंतर. तोवर सांगाडा आप्पांच्या खाटेवरच्या खुंटीला, आणि मी घरी गेले की ते कॅलिपर माझ्या हातात देऊन म्हणतात, टोकाची फासळी परत एकदा मोज.